मास्तरांची कवटी

नांदेडच्या त्या मेडिकल कॉलेजात कवटी म्हटलं की दयानंद सर, हे इतकी वर्षं ठरूनच गेलं होतं. पहिल्या वर्षाची पोरं हातापायांची हाडं कुणाकडूनही शिकत, पण डोकं आणि चेहरा शिकायचा तो त्याच्याकडूनच. बावीस हाडं. आठ मेंदूभोवतीची, चौदा चेहऱ्याची. त्यांतलं खालच्या जबड्याचं तेवढं हलणारं. बाकीची एकमेकांत अशी गुंतलेली, की कुठलं कुठं संपतं ते नव्या माणसाला उमगत नाही. दयानंद ते उमगवून द्यायचा. नाकाच्या मधल्या पडद्यातलं व्होमर नावाचं पातळ हाड हातात धरून तो विचारायचा, "हा फाळ आहे. नांगराचा फाळ. लॅटिनमध्येसुद्धा याचं नाव फाळच. बघितलाय का कुणी?" लोह्याजवळच्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या माणसाच्या तोंडून तो फाळ असा निघायचा, की लातूरच्या क्लासमधून पाठांतर करून आलेली पोरंही ते हाड जन्मात विसरत नसत.

मुग्धा त्या पोरांतलीच एक. लातूरच्या वकिलाची मुलगी. पहिल्या वर्षाला असतानाच तिचे हात दयानंदच्या लक्षात आले होते. दुसरी मुलं हाड उचलत ते दगड उचलल्यासारखं. ही उचलायची ते पाखराचं पिल्लू उचलल्यासारखं. पुढं तिनं अ‍ॅनाटॉमीतच एमडी केलं आणि त्याच कॉलेजात शिकवायला परत आली. तिची शिफारस दयानंदनंच केली होती. ती रुजू झाली त्या दिवशी तो आनंदानं म्हणाला, "ये मुग्धा, तुझी खुर्ची खिडकीजवळ ठेवलीय."

विभागप्रमुख गुरुबसप्पा सर उदगीरकडचे. शांत, हसरा माणूस. ते म्हणाले, "आता मुग्धा मॅडम म्हणा, डॉक्टर. सहकारी झाल्यात त्या तुमच्या."

दयानंद हसला. मुग्धा पटकन म्हणाली, "नाही नाही, सर मला मुग्धाच म्हणतील." तो दिवस गोड गेला.

पुढच्या वर्षाचं वेळापत्रक लागलं तेव्हा मात्र गुरुबसप्पा सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "यंदा डोकं आणि मान मुग्धा मॅडमकडं देऊ या. तुम्ही लई वर्षं ओढलंत. तुम्ही पोट घ्या."

"हरकत नाही," दयानंद म्हणाला.

हे दोन शब्द त्यानं किती सहज उच्चारले, याचं त्याचं त्यालाच पुढं नवल वाटत राहिलं. कारण केबिनच्या बाहेर पडेपर्यंत हरकत त्याच्या छातीत येऊन बसली होती, आणि ती काही उठायला तयार नव्हती.

मुग्धाचा चेहऱ्याच्या हाडांवरचा पहिला तास होता तेव्हा दयानंद कामाशिवायच त्या मजल्यावर गेला. दार अर्धवट उघडं होतं. आतून तिचा आवाज येत होता. "कवटी बाजूला ठेवा. सगळ्यांनी डोळे मिटा. आता बोट डोळ्याच्या खाली ठेवा. हाडाची कड लागली? तिच्यावरून बाहेर या. गालाचा उंचवटा आला? आता तसंच कानाकडं जा. हा एक पूल आहे. पुलावर बोट तसंच ठेवा आणि दात आवळा. पुलाच्या वर काय हललं, खाली काय हललं?"

भरल्या वर्गात पोरं डोळे मिटून आपापला चेहरा चाचपत होती. कुणीतरी शेजाऱ्याचा गाल दाबला, हशा पिकला, आणि त्या हशात मुग्धाचंही हसू होतं. दयानंदच्या तासाला पोरं लक्ष देत, धाक बाळगत, लिहून घेत. हसत मात्र कधी नसत. तो तिथंच उभा राहिला. थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं की आपलाही हात आपल्या गालावर गेलाय आणि आपण दात आवळून उभे आहोत. हात झटकून तो जिन्याकडं निघाला.

दुसऱ्या दिवशी धम्मदीप नावाचा विद्यार्थी जिन्यात भेटला. गुणी पोरगा. म्हणाला, "सर, मॅडमनी काल फाळ सांगितला. व्होमरचा. म्हणाल्या, हे दयानंद सरांचं आहे, मी त्यांच्याकडूनच शिकले."

"असं का," दयानंद म्हणाला.

तिनं फाळ चोरला असता तर बरं झालं असतं. मग रागवायला जागा तरी राहिली असती. तिनं तो नाव घेऊन, मान देऊन वापरला होता. नांगर कधी हातात न धरलेल्या पोरीनं त्याचा फाळ पोरांपुढं ठेवला, आणि तो तिच्या हातात जास्त शोभला. यावर बोलणार काय आणि कुणापाशी?

घरी मात्र तो बोलतच होता. त्याची बायको पुनम जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. एके दिवशी जेवताना तिनं भाजीचा डाव हातातच धरून त्याला विचारलं, "ती पोरगी तुम्हाला आवडत नाही, का लई आवडती? एकदा काय ते ठरवा. रोज जेवताना तिचंच नाव."

"मी कुठं नाव घेतलं?"

"आता भेंडीवरून नाही का गेलात तिच्यावर?"

दयानंदनं ताट जवळ ओढलं. ठरवायचं काय हे त्याला पुरतं ठाऊक होतं. पण ते शब्दांत आणायची त्याला लाज वाटत होती. आपल्या हातानं घडवलेली पोरगी, तिच्या यशानं आपली छाती फुगायला पाहिजे. आणि इथं तिचा आवाज कानावर पडला की पोटात कुणी चिमटा घेतल्यासारखं होतं. चार लोकांत तो तिचं कौतुकच करायचा. जरा जास्तच करायचा.

त्याच सुमारास विभागाच्या संग्रहालयातल्या कवटीचा विषय निघाला. विभागात सुट्या केलेल्या हाडांची एक कवटी होती, प्रत्येक हाड तारेवर वेगळं उभं केलेलं. पण ती प्लास्टरची, रंग उडालेली, दोन हाडं हरवलेली. खऱ्या कवटीची तशी मांडणी करावी, हा दयानंदचाच जुना मनोदय. कवटीच्या तळाशी पाठीच्या कण्याकडं उघडणारं मोठं भोक असतं. त्यातून आत कोरडा हरभरा ठासून भरायचा, बोळा मारायचा आणि कवटी पाण्यात ठेवायची. हरभरा भिजून फुगतो, आतून सगळ्या बाजूंनी सारखा रेटा देतो, आणि हाडांमधल्या शिवणी हळूहळू उसवतात. हातोडी नाही, छिन्नी नाही. त्यानं हे वाचलं होतं, ऐकलं होतं, पोरांना सांगितलंही होतं. करायचं मात्र दर वर्षी राहून जायचं.

विभागाच्या बैठकीत मुग्धा म्हणाली, "सर आम्हाला पहिल्या वर्षाला हरभऱ्याची पद्धत सांगायचे. आपण ती करू या का? मी करते."

गुरुबसप्पा सरांनी मान डोलावली. "करा, करा. झकास होईल."

बैठक संपल्यावर ती दयानंदकडं आली. "सर, तुमच्याशिवाय हे व्हायचं नाही. कवटी तुम्ही बघून द्या. आणि हरभरा तुमच्या शेतातला. चालेल ना?"

"चालेल की," तो म्हणाला.

रविवारी तो गावाकडं गेला. त्याची आई, केवळाबाई, ओसरीत तूर निवडत बसली होती. धाकटा भाऊ शेत बघायचा; त्याच्या कोठीतला हरभरा दयानंदनं पिशवीत भरून घेतला.

"एवढा हरभरा कशाला लागून राहिला रे?" आईनं विचारलं.

"कॉलेजात भिजवायचाय."

"उसळ करून राहिले का तिथं?"

"तसंच काहीतरी."

केवळाबाईनं सूप खाली ठेवलं. "ती तुझी लातूरची पोरगी, मॅडम झाली म्हणं तुझ्याच हापिसात. पुनम सांगत व्हती फोनवर. चांगलं झालं माय. आपल्या हातचं रोप वर आलं, की बरं वाटतंय."

"हाव," दयानंद म्हणाला आणि पिशवीचं तोंड गरजेपेक्षा घट्ट बांधलं.

पुढच्या शनिवारी दुपारी, कॉलेज रिकामं होत असताना, दोघांनी कवट्यांचं कपाट उघडलं. हिरव्या कापडावर पाच-सहा कवट्या मांडल्या. या कामाला कवटी तरुण माणसाची पाहिजे. वय वाढतं तशा शिवणी बुजत जातात. हाडाला हाड सांधून एकच होतं. आणि फसवणूक अशी, की त्या आतून आधी बुजतात. बाहेर नागमोडी रेघ स्पष्ट दिसते, आत सगळं सपाट झालेलं असतं. म्हणून तळाच्या भोकातून दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घालून, बॅटरीच्या उजेडात आतली बाजू बघावी लागते. हेही दयानंदनंच शिकवलेलं.

मुग्धाचा हात एका कवटीवर थांबला. "ही किती सुंदर आहे सर. दात बघा, एकूण एक शाबूत."

दयानंदनं ती लगेच ओळखली. शेषेराव मास्तर. लोह्याकडच्या शाळेत हयात घालवलेला माणूस. देहदानाचा कागद भरायला ते स्वतःच्या पायांनी विभागात आले होते. वय पंचाहत्तरीच्या पुढं, दात मात्र पोरासारखे. सही झाल्यावर त्यांनी दयानंदला विचारलं होतं, "पोरांस्नी सगळं नीट दिसंल ना हो? माझं डोस्कं जरा जाड हाय म्हणत्यात." आणि स्वतःच हसले होते. ते गेल्यावर त्यांची कवटी दयानंदनंच साफ केली होती, आपल्या हातांनी, आठवडाभर खपून. बाकी कुणाला ती कुणाची हे माहीत नव्हतं. कवटीवर नाव लिहायची विभागात पद्धत नाही.

"आतून बघता का सर?" मुग्धानं बॅटरी पुढं केली.

त्यानं कवटी उलटी केली. आरसा आत सरकवला. आत काय दिसणार ते त्याला बघण्याआधीच ठाऊक होतं, तरी त्यानं बघितलं. माथ्याच्या आतल्या बाजूला एकही रेघ नव्हती. शाळेच्या पाटीसारखं साफ.

तो नुसता 'नको' म्हणाला असता तरी झालं असतं. दुसरी कवटी शेजारीच होती, विशीतल्या माणसाची. त्याची जीभ 'नको'पर्यंत आलीसुद्धा. पण त्याच वेळी मुग्धा म्हणाली, "सोमवारी सगळ्या बॅचसमोर उघडू या सर. गुरुबसप्पा सर म्हणाले, डीनलाही बोलावतो." तिच्या डोळ्यांत लहान मुलासारखी लकाकी होती.

"चालेल ही," दयानंद म्हणाला.

"आतून मोकळ्या आहेत ना शिवणी?"

"मोकळ्या आहेत."

तिनं आरसा मागितला नाही. आत डोकावलंही नाही. सरांनी बघितलं म्हणजे झालं. तिनं दोन्ही हातांनी कवटी घेतली, नरसाळ्यातून हरभरा ओतायला लागली. काडीनं दाबून दाबून, कोपरे भरत. मग कापडाचा बोळा मारला आणि कवटी पाण्याच्या टबात सोडली.

रविवारची सकाळ दयानंदनं कशीबशी काढली. पेपर वाचला, स्कूटर धुतली, धुतलेली परत पुसली. शेवटी पुनमला काहीतरी सांगून तो कॉलेजात गेला. पहारेकऱ्यानं विभाग उघडून दिला.

टब खिडकीखाली होता. पाणी किंचित पिवळट झालं होतं. बोळ्याच्या कडेनं हरभऱ्याची सालं वर डोकावत होती. कवटी तळाशी शांत बसली होती, अजून अखंड.

वेळ होता. बाही वर करून कवटी बाहेर काढायची, बोळा उपसायचा, आणि उद्या सांगायचं: रात्रभर मला चैन पडेना मुग्धा, परत बघितलं, आपली चूक होत होती. दयानंदच्या मनात हे सगळं आलं. एवढंच नाही, असं केलं तर आपलंच नाव होईल, सरांच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणतील, हेही आलं. त्यानं बाहीचं बटण काढलं. मग त्याला तो वर्गातला हशा आठवला. मिटलेले डोळे, गालांवरची बोटं. तो खुर्ची ओढून बसला. जरा वेळानं बघू, असं स्वतःला सांगत बसला.

टक् असा आवाज आला. मोठा नव्हता. पाण्यातून एक बुडबुडा वर आला. मग पुन्हा टक्, या वेळी लांबलचक, वाळलेली शेंग पिरगाळल्यासारखा.

दयानंद उठला. टबात बघितलं नाही. बाहेर येऊन पहारेकऱ्याला म्हणाला, "चष्मा विसरला होता," आणि निघाला. चष्मा सकाळपासून त्याच्या नाकावरच होता.

सोमवारी सगळ्या बॅचसमोर मुग्धानं टबात हात घातला आणि तिच्या ओंजळीत तुकडे आले. शिवणी उसवल्याच नव्हत्या. कानशिलाचं हाड मधून आडवं फाटलं होतं. डोळ्यांच्या खोबण्यांचं पातळ छत पिचून आत गेलं होतं, नाकाच्या मुळाशी चाळणीसारखं जे नाजूक हाड असतं त्याचा भुगा झाला होता, आणि तडा गालावरून वरच्या जबड्यापर्यंत उतरला होता. टम्म फुगलेले हरभरे टेबलावर घरंगळले. मागून कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

डीन घड्याळ बघून निघून गेले. गुरुबसप्पा सरांनी एक तुकडा उचलून उलटा केला. "अहो, ही म्हाताऱ्या माणसाची आहे. आतून पार बुजलेली. कवटी कुणी निवडली?"

दयानंद टेबलाच्या पलीकडं उभा होता.

"मी, सर," मुग्धा म्हणाली.

"आतून बघायला पाहिजे होतं, मॅडम. पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगतो आपण हे."

"हो सर. माझी चूक."

ज्यासाठी हे सगळं केलं ते झालं होतं. भर वर्गात, पोरांदेखत. दयानंदला बरंही वाटलं. उन्हातून आल्यावर पाण्याचा पहिला घोट घशाखाली उतरावा तसं. त्याच्या केबिनपर्यंत पोचेतो ते संपलं. दुसरा घोट काही आला नाही.

दोन-तीन दिवसांत मुग्धानं ते तुकडे वाळवले, एका ट्रेमध्ये जागच्या जागी लावले आणि तेच घेऊन वर्गात गेली. हाड कुठून फुटतं, आणि तिथूनच का, हा विषय. चेहऱ्याच्या हाडांत भार पेलणारे खांब असतात: नाकाच्या दोन्ही बाजूंनी कपाळापर्यंत जाणारे, गालावरून कानशिलाकडं वळणारे. त्या खांबांच्या मध्ये हाड कागदासारखं पातळ. धक्का खांबातून वाहून जातो आणि पातळ जागा फाटते. मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाचा चेहरा रोज कॅज्युअल्टीत येतो. त्याची भेग साधारण याच वाटेनं का जाते, ते तिनं त्या फुटक्या कवटीवर बोट फिरवून दाखवलं. पुढच्या तासाला जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारे दोन डॉक्टर दंत विभागातून मुद्दाम येऊन मागच्या बाकावर बसले.

दयानंद पुन्हा त्या दाराबाहेरून गेला. या खेपेला आत हशा नव्हता. आत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती, आणि ती त्याला हशापेक्षा जास्त झोंबली. आपण तिच्या वाटेत टाकलेला दगड तिनं उचलला होता आणि पायरीला लावला होता. रागानं त्याचे कान तापले. आणि त्याच क्षणी त्याच्या मनात स्वच्छ उमटलं, की मास्तरांनी विचारलं होतं, पोरांना नीट दिसेल ना. दिसत होतं. त्याच्यामुळं नव्हे.

त्याच दुपारी मुग्धा त्याच्या केबिनमध्ये आली. हातात माथ्याचा तुकडा. तिनं तो टेबलावर उपडा ठेवला, आतली बाजू वर.

"सर, याच्यावर एकही रेघ नाही."

"हं."

"आरशात हे दिसत नाही असं होऊच शकत नाही. मी परत तुकडे जुळवून, आरसा घालून बघितलं. लख्ख दिसतं."

दयानंदनं पेन उचललं, परत ठेवलं.

"मला वाटलं, नजरचूक असेल. मी स्वतःलाच समजावत होते. पण तुमची नजर मला माहीत आहे ना सर. तुम्ही बघितलं नव्हतं का?"

खोटं बोलायला जागा होती. बॅटरीचा सेल, चष्म्याचा नंबर, घाई. सगळी उत्तरं तयार होती. तिनं त्यांतलं एखादं घेतलंही असतं; ती तेच मागत असावी, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

"बघितलं होतं," तो म्हणाला.

मुग्धा खुर्चीवर बसली.

"का सर?"

"तुझ्या वर्गात पोरं हसतात. बाहेर ऐकू येतं."

"एवढ्यासाठी?"

"हाव." कॉलेजात तो कधी असं बोलत नसे. तोंडातून निघून गेलं. "एवढ्यासाठीच. लई दिवस ऐकून राहिलो होतो."

तिला रडू येईल असं त्याला वाटलं होतं, पण डोळे कोरडेच होते. "ही कवटी कुणाची होती, माहीत आहे तुम्हाला?"

त्यानं सांगितलं. नाव, गाव, शाळा. कागद भरताना मास्तर काय म्हणाले, तेही सांगितलं.

मुग्धानं तुकडा उचलला. त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, जपून. "भांडण माझ्याशी होतं ना सर. तुम्ही मला बोलायचं होतंत. यांनी काय केलं होतं?"

ती दार लोटून गेली.

तिनं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. दयानंद रोज वाट बघायचा. गुरुबसप्पा सर बोलावतील, पोरं वेगळ्या नजरेनं बघतील. काही झालं नाही. मुग्धा समोर आली तर "नमस्कार सर" म्हणायची. मात्र त्याच्या केबिनवरून जायचा जवळचा रस्ता सोडून ती पलीकडच्या जिन्यानं जायला लागली. घरी पुनमनं एकदा विचारलं, "आता तिचं नावच घेत नाही तुम्ही. भांडलात का?"

"नाही," तो म्हणाला, आणि पानातला भात इकडून तिकडं सारत राहिला. मग त्यानं सगळं सांगितलं. पुनमनं ते ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाली, "पोरांना आपण वर्गाबाहेर उभं करतो असल्या कामाला," आणि ताटं उचलून आत गेली.

दिवाळीनंतर मुग्धानं दुसरी कवटी घेतली. या वेळी तिनं ती स्वतः निवडली, स्वतः आरसा घालून बघितली आणि मग गुरुबसप्पा सरांनाही बघायला लावली. हरभरा मोंढ्यातल्या धान्याच्या दुकानातून आणला. दयानंदला कुणी बोलावलं नव्हतं, येऊ नका असंही म्हटलं नव्हतं. उघडायच्या दिवशी तो पोरांच्या मागं, भिंतीला टेकून उभा राहिला.

पद्धत खरी ठरली. मुग्धानं बोटांनी नुसता आधार दिला आणि माथ्याची दोन हाडं दोन वाट्यांसारखी अलग झाली. कडांना करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. मागचं हाड आलं. कानशिलं आली. कपाळ आलं. पोरं टाचा उंचावून बघत होती. मग स्फीनॉइडची पाळी आली; कवटीच्या पोटात पंख पसरून बसलेल्या वटवाघळासारखं हाड, जे जवळपास सगळ्यांना धरून असतं. ते चेहऱ्याच्या हाडांना चिकटून राहिलं होतं. मुग्धानं ते वर उचलायला घेतलं. हललं नाही. तिनं थोडा जोर लावला.

दयानंदला लांबूनच दिसलं. पंखांखालून उतरलेले दोन पातळ पाय वरच्या जबड्याच्या मागे रुतलेले होते. असंच वर ओढलं तर ते मोडणार. बोलावं की नाही, हा प्रश्न त्याला पडायच्या आतच तो बोलून गेला होता.

"वर ओढू नको. मोडेल."

सगळ्या माना मागं वळल्या. मुग्धाचे हात थांबले.

"जबडा खाली धर आणि ते मागे सरकव," तो म्हणाला. "पाय मागे अडकलेत."

ती त्याच्याकडं बघत राहिली, आणि ती काय तोलत होती ते त्या खोलीत फक्त त्या दोघांना कळत होतं. मग तिनं हाड टेबलावर टेकवलं. बॅटरी घेतली. वाकून आत बघितलं, करंगळीचं टोक जबड्याच्या मागून फिरवलं. तरी तिचं समाधान झालं नाही. तिनं गुरुबसप्पा सरांना खूण केली. तेही वाकले, त्यांनीही बघितलं. "बरोबर म्हणतात," ते म्हणाले.

दयानंद तेवढा वेळ उभा होता. त्याच्या शब्दाची अशी तपासणी या विभागात कधी झाली नव्हती.

मुग्धानं जबडा धरला, हाड मागे सरकवलं. ते सुटून अलगद तिच्या तळहातावर आलं, पातळ पायांसकट, अखंड. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिनं ते उजेडात धरलं, पंख दाखवले, आणि पुढचं हाड घेतलं.

दयानंदच्या पोटात तो जुना चिमटा बसला. केवढे हलके हात. त्याला वाटलं होतं, जे झालं त्यानं हे तरी निघून गेलं असेल. निघून गेलं नव्हतं. पण त्याला तिथून हलवतही नव्हतं. तो शेवटपर्यंत थांबला. गालाची हाडं, टाळू, नाकाच्या बुंध्याची दोन चिमुकली हाडं, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातलं नखाएवढं पापुद्र्यासारखं हाड तिनं चिमट्यानं कापसावर ठेवलं तोवर.

पोरं पांगली. तो दाराकडं निघाला तेव्हा ती हातमोजे काढत होती.

"पुढच्या वेळी आधीच सांगत जा, सर," ती म्हणाली. वर न बघता.

"सांगेन," दयानंद म्हणाला.

त्याचा पोटावरचा तास होता. तो खालच्या मजल्यावर गेला, फळा पुसला आणि शिकवायला सुरुवात केली.